चौसष्ट पायऱ्या

"दोन मजले जिना चढता येतो का, धाप न लागता?"
ब्रुत्सोने डॉक्टरीणबाईंनी मान वर न करताच विचारलं.
मी पलंगाचं विचारलं होतं,
त्यांनी जिन्याचं सांगितलं.
ओत्ताव्हिओ भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसला होता,
तिथे एक हृदय संत्र्यासारखं सोलून ठेवलेलं,
निळ्या-तांबड्या नळ्यांसकट.
त्याचे कान नुसते तांबडे.

एकतीस वर्षं बंदरावर, चाळीस मीटर उंच
काचेच्या खोक्यात बसून
दोन बोटांनी कळ ओढायचा हा माणूस,
आणि तीस टनांचा डबा
जहाजाच्या पोटात उतरायचा
फांदीवर पाखरू टेकावं तसा.
नोव्हेंबरात दुसरी कळ आली.
छातीतून खांद्यात, खांद्यातून जबड्यात.
ती कोण ओढतंय ते बघायला
तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या
छताकडे बघत राहिला.

घरी परतला तो पलंगाच्या कडेला झोपायला.
मधे एक थंड पट्टा, हातभर रुंद.
जणू त्याच्या अंगावर कुणी शिक्का मारलेला:
जपून हाताळा. हा भाग वर.
मी रात्री उठून त्याच्या नाकाशी
पालथा हात धरायचे, तान्ह्याच्या धरतात तसा.
तो जागा असायचा. मला माहीत होतं.
मला माहीत आहे हे त्यालाही.
पण त्या वेळी दोघांपैकी कुणीच काही बोलायचं नाही.

चिठ्ठीत होतं: भरल्या पोटी नको, वाइनवर नको,
खोली उबदार असू द्या.
जिभेखालचा फवारा उशाशी. आणि फवारा वापरणाऱ्यानं
त्या निळ्या गोळीच्या वाटेला जायचं नाही, कधीच नाही.
(गोदीतला बेर्तो खिसा थोपटत डोळा मारून गेला होता.
मी त्याला दारातूनच वाटेला लावलं.)
छातीत दुखलं तर थांबा.
थांबायचं तर आम्हाला
आता चांगलंच जमत होतं.

मार्चमधे एका दुपारी मासळी घेऊन
आम्ही आमची गल्ली चढू लागलो.
जेनोव्हात गल्ली म्हणजे आडवा पडायचा कंटाळा आलेला रस्ता,
मधोमध विटा, कडेला समुद्राचे गोटे.
तो पुढे, मी मागे, मनात पायऱ्या मोजत,
त्याच्या पाठीवर डोळे रोखून,
जीव मुठीत, पिशवी काखेत.
एकसष्ट. बासष्ट.
चौसष्टाव्या पायरीवर कुणीतरी धापा टाकत
भिंतीला टेकलं.
ती मी होते.

तो वळला. पिशवी घेतली.
आणि इतका हसला, इतका,
की वरच्या खिडकीतून झेलिंदानं डोकं काढून विचारलं,
काय झालं, कोण पडलं?

मासळी तशीच ओट्यावर राहिली.
हिरव्या झडपा ओढल्या, फटींतून उन्हाच्या रेघा.
त्याचा हात माझ्या पाठीवर
किती वेळ अधांतरी होता.
म्हटलं, बाबा रे, तीस टन नाही मी.
म्हणाला, थांब, वारा बघतोय.
मग तो उतरला.

अर्ध्यावर त्याची छाती धडधडू लागली
आणि आम्ही दोघं गप्प, कान देऊन,
चोर आल्यासारखे.
दुखतंय? नाही. श्वास? आहे की.
धडधड मात्र ओळखीची निघाली,
लग्नाआधी धक्क्यावर, दोरखंडांच्या ढिगामागे ऐकलेली.
तरी आम्ही तिथेच थांबलो.
पुरतं काही झालं नाही.
माझा पाय त्याच्या पायात राहिला, एवढंच,
आणि थंड पट्टा कुठे गेला
ते मी शोधलं नाही.

एप्रिलमधे दवाखान्यात फॉर्म दिला:
वैवाहिक संबंध पुन्हा सुरू झाले का?
होय, नाही. दोन चौकटी.
अर्ध्याला चौकट नव्हती.
मी पेन घेणार तेवढ्यात
तक्त्याकडे बघणाऱ्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं,
चश्मा वर सरकवला, आणि समासात लिहिलं
बंदराच्या नोंदवहीतल्या त्याच्या टपोऱ्या अक्षरात:
चौसष्ट पायऱ्या.
बायको दमली.